आडोसा नसलेल्या रानातली शिकार

१७ सप्टेंबर १८०४. मिसूरी नदीच्या काठी, आजच्या साउथ डकोटा राज्यात, मेरिवेदर लुईस आपल्या मोहिमेतले निवडक शिकारी घेऊन छावणीबाहेर पडला. तीनच दिवसांपूर्वी त्याचा जोडीदार विल्यम क्लार्क याने एक अनोखं जनावर मारून आणलं होतं. अंगाने हरणासारखं, काहीसं बोकडाच्या वळणाचं, पण शिंगांना पुढे एक फाटा फुटलेला. युरोपातल्या प्राणिशास्त्रज्ञांच्या यादीत असं जनावर नव्हतं. क्लार्कने मारलेला नर होता. लुईसला नमुन्यासाठी आता मादी हवी होती.

सात जनावरांचा एक लहान कळप त्याला दिसला. कळप टेकाडाच्या माथ्यावर जाऊन थांबला. तिथे आडोशाने पोहोचायला एकच बाजू होती आणि नेमका त्याच बाजूने वारा कळपाकडे वाहत होता. दुसरा इलाज नव्हता. लुईस टेकाडाच्या कडेने दबत, मधूनच डोकावून बघत पुढे सरकला. एकुलता एक नर माथ्याभोवती सारख्या फेऱ्या घालत होता, माद्या मधोमध उभ्या होत्या. अंतर दोनशे पावलांवर आलं तेव्हा त्यांना त्याचा वास लागला आणि कळप एका खोल घळीत दिसेनासा झाला. लुईस धापा टाकत माथ्यावर पोहोचला, तोवर ती जनावरं सुमारे तीन मैलांवरच्या डोंगरसोंडेवरून पळताना दिसली. ही तीच असतील यावर त्याचा आधी विश्वासच बसेना. हे चार पायांच्या जनावराचं पळणं नसून पाखरांचं उडणं वाटतं, अशा अर्थाची नोंद त्याने रोजनिशीत केली. त्या दिवशी मादी काही मिळाली नाही.

हे जनावर म्हणजे प्राँगहॉर्न. लुईसची फसगत ज्या तीन गोष्टींनी केली, म्हणजे उंचावरची जागा, वारा आणि वेग, त्यांच्याशीच आजचा शिकारीही झगडतो. वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडोच्या माळांवर दर शरद ऋतूत हजारो माणसं बंदूक किंवा धनुष्य घेऊन उतरतात. त्यांच्याकडे लुईसने स्वप्नातही पाहिली नसेल अशी साधनं असतात. तरीही जो नुसत्या साधनांच्या जोरावर जातो तो बहुतेकदा रिकाम्या हाताने परततो. या जनावराला माणसाने पळण्यात सहसा हरवलेलं नाही आणि नजरेतही नाही. सहा-सात हजार वर्षांत जी जी युक्ती कामी आली, ती त्याची एखादी सवय ओळखूनच.

प्राँगहॉर्नला अमेरिकेत सर्रास ‘अँटिलोप’ म्हणतात, पण आपल्या काळविटाशी किंवा आफ्रिकेतल्या कुरंगांशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याच्या कुळातला तो एकटाच आज उरला आहे आणि जिवंत प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद म्हणजे जिराफ आणि ओकापी. शिंगंही वेगळीच. आत हाडाचा गाभा, वर केराटिनचं आवरण. हे आवरण नर दर वर्षी माजाचा हंगाम संपल्यावर टाकतो आणि गाभ्यावर नवं चढतं. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन पन्नास-साठ किलो, खांद्यापाशी उंची जेमतेम तीन फूट. म्हणजे जनावर मोठं नाही. उघड्या माळावर नवख्या शिकाऱ्याला ते आहे त्याहून दूर वाटतं, त्याचं एक कारण हा लहान बांधा.

डोळे मात्र थोराड. कवटीच्या बाजूंना, बरेच वर आणि बाहेर आलेले. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. चरताना मान खाली असली तरी क्षितिज नजरेत राहतं. कित्येक किलोमीटरवरची हालचाल ते टिपतं. धोका जाणवला की पुठ्ठ्यावरचे लांब पांढरे केस ताठ उभे राहतात आणि उन्हात तो पांढरा ठिपका लख्ख चमकतो. लांबच्या टेकाडावरचा दुसरा कळप ती खूण बघतो आणि मान वर करतो. एकाला दिसलेला शिकारी असा क्षणात सगळ्यांना दिसतो.

आणि मग वेग. तासाला ८०-९० किलोमीटरपर्यंत. चित्त्याचा वेग याहून जास्त, पण चित्ता काहीशे मीटरांत दमतो. प्राँगहॉर्न तासाला साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने कित्येक किलोमीटर पळत राहतं. १९९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फिरत्या पट्ट्यावर पळवलेल्या प्राँगहॉर्नचा प्राणवायूचा वापर मोजला, तेव्हा तो त्या आकाराच्या प्राण्याकडून अपेक्षित वापराच्या तिपटीहून जास्त निघाला. मोठी फुप्फुसं, मोठं हृदय, रुंद श्वासनलिका असा सगळा देहच धावण्यासाठी घडलेला आहे.

एवढ्या वेगाची गरज काय? आज उत्तर अमेरिकेत त्याच्याइतक्या वेगाने टिकून पळणारा शिकारी प्राणी नाही. कोल्हा नाही, लांडगा नाही. आयडाहो विद्यापीठातले जॉन बायर्स यांनी मोंटानातल्या राष्ट्रीय गवा अभयारण्यात या प्राण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९७ च्या आपल्या ग्रंथात उत्तर मांडलं की हा वेग गेलेल्या शत्रूंसाठी आहे. हिमयुगाच्या अखेरीपर्यंत, सुमारे बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, या माळांवर चित्त्यासारखी सडपातळ, लांब पायांची मांजरं होती. ती नाहीशी झाली, प्राँगहॉर्नचे पाय राहिले. या मांडणीवर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालते, पण शिकाऱ्याला तिच्यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. हे जनावर दुरून दिसणाऱ्या, पाठलाग करणाऱ्या शत्रूसाठी तयार आहे. जो पाठलाग करतच नाही त्याच्यासाठी त्याची तयारी तोकडी पडते.

पाठलाग करून पाहिलेली माणसंही आहेत. युटातले डेव्हिड कॅरियर यांनी १९८४ मध्ये एक लेख लिहून असा सिद्धान्त मांडला की माणूस घाम गाळून अंग थंड ठेवतो, त्यामुळे भर उन्हात तासन् तास पळून तो वेगवान जनावराला दमवू शकतो. हा सिद्धान्त पडताळायला ते आणि त्यांचा लेखक भाऊ स्कॉट वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्नच्या मागे पळाले. जमलं नाही. पायांतलं बळ कमी पडलं म्हणावं तर तसं नव्हतं. कळप फुटत, पुन्हा मिसळत, टेकाडाआड जात आणि पलीकडे निघेपर्यंत आपण ज्याच्या मागे होतो ते दमलेलं जनावर कोणतं हेच ओळखता येत नसे. आफ्रिकेत कालाहारीतले सान लोक अशी शिकार करत, ती मागावरून एकच एक जनावर ओळखून. नुसतं पळता येणं पुरत नाही, हे त्या दोघा भावांना माळाने शिकवलं.

या माळांचे मूळ रहिवासी हे फार आधीपासून जाणत होते. त्यांनी प्राँगहॉर्नची एक विचित्र सवय हेरली होती. हे जनावर उडी मारत नाही. शरीराने ते मारू शकतं, क्वचित मारतंही, पण सपाट माळावर जन्मलेल्या या प्राण्याला आडव्या अडथळ्यावरून उडी घ्यायची असते हे सुचतच नाही. त्यामुळे नेवाडा आणि युटाच्या कोरड्या खोऱ्यांत शोशोनी आणि पायुट लोक सेजब्रशच्या झुडपांचं, जुनिपरच्या फांद्यांचं लांबलचक कुंपण घालत. तोंड रुंद, आत निमुळतं होत जाणारं आणि शेवटी एक गोल कोंडवाडा. कुंपण उंच किंवा घट्ट असायची गरज नव्हती. झुडपांचे ढीग अंतराअंतराने असले तरी कळप त्यांच्या मधून सहसा जात नसे. हाकेकरी दूरवरून, घाई न करता, कळप हळूहळू आत वळवत. कोंडवाड्यात शिरल्यावर जनावरं गोल गोल धावून थकत आणि मग बाण चालत. अशा सापळ्यांचे जुनिपरच्या लाकडाचे अवशेष ईशान्य नेवाडात आजही सापडतात. वायोमिंगमध्ये फोर्ट ब्रिजरच्या परिसरातला एक सापळा तिथल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

सेरा विनेमुका या पायुट स्त्रीने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात अशा एका हाक्याचं वर्णन आहे, आणि ते मुळातून वाचावं असं आहे. तिचे वडील कळपाला ‘भारणारे’ होते. त्यांच्या सांगण्यावरून स्त्रिया, पुरुष, मुलं दिवसामागून दिवस कळपाभोवती ठरलेल्या रिंगणाने फिरत. चालताना कुणी अडखळायचं नाही, हातातली वस्तू खाली पाडायची नाही. कुणाकडून चूक झालीच तर लगेच सांगायचं, कारण कळप नेमका त्याच जागेतून फुटून जाईल असा समज होता. पाचव्या दिवशी कळप रिंगणातच धावत राहतो, बाहेर जात नाही. यात मंत्राचा भाग किती हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. शिकारीच्या अंगाने पाहिलं तर हे अचूक आहे: कळपाला माणसांच्या संथ, एकसारख्या हालचालीची सवय लावायची आणि अचानक काही घडू द्यायचं नाही. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन स्टुअर्ड यांनी १९३८ मध्ये नोंदवलं की एका खोऱ्यात असा मोठा हाका झाला की कळप पुन्हा भरायला बरीच वर्षं जात, म्हणून तो वारंवार होत नसे.

बंदूक आल्यावर दुसरी सवय कामी आली. कुतूहल. जे नीट ओळखता येत नाही पण घाबरवतही नाही, ते जवळ जाऊन बघायचं, असा प्राँगहॉर्नचा स्वभाव. एकोणिसाव्या शतकातले शिकारी सेजब्रशमागे आडवे होत आणि बंदुकीच्या गजाला लाल रुमाल बांधून तो हलवत. कळप थबके, दोन पावलं पुढे येई, बुजून मागे पळे, वर्तुळ घेऊन पुन्हा आणखी जवळ येई. पक्ष्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले जॉन जेम्स ऑड्युबॉन १८४३ मध्ये मिसूरीच्या वरच्या भागात गेले होते. पाठीवर पडून पाय हवेत झाडले की प्राँगहॉर्न बघायला जवळ येतं, याचा अनुभव त्यांच्या ग्रंथात नोंदलेला आहे. ही युक्ती आज क्वचितच चालते. ज्या कळपांवर पिढ्यान् पिढ्या गोळ्या झाडल्या गेल्या त्यांचं कुतूहल आटलं आहे.

गोळ्या किती झाडल्या याला हिशेब नाही. एके काळी कोट्यवधींनी मोजावे लागणारे कळप रेल्वे, बाजारासाठीची शिकार आणि कुंपणं यांपुढे वितळले. १९२२ ते १९२४ या काळात एडवर्ड नेल्सन यांनी केलेल्या पाहणीत संपूर्ण उत्तर अमेरिकेत सुमारे ३० हजार प्राँगहॉर्न उरले होते. शिकारबंदी, नेवाडातलं शेल्डन आणि ओरेगॉनमधलं हार्ट माउंटन ही अभयारण्यं, कळप पकडून दुसरीकडे सोडणं आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीव खात्यांना मिळू लागलेला पैसा यांनी चित्र पालटलं. पुढे ही संख्या दहा लाखांच्या घरात गेली आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या वायोमिंगमध्ये. आजची शिकार या सावरलेल्या संख्येवर, मोजून दिलेल्या परवान्यांवर चालते.

आता प्रत्यक्ष माळावर.

शिकाऱ्याचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो आणि पहिले काही तास तो चालतच नाही. एखाद्या उंचवट्याच्या कडेला, माथ्याच्या थोडं खाली, पाठीमागे उतार राहील असा तो बसतो. माथ्यावर बसलं तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती मैलभरावरून उठून दिसते. आधी साध्या दुर्बिणीने सगळा माळ डावीकडून उजवीकडे चाळायचा, मग तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीने एकेक ठिपका तपासायचा. प्राँगहॉर्नचं अंग तांबूस-पिवळं, पोट आणि पुठ्ठा पांढरा. वाळलेल्या गवतात तो पांढरा रंगच आधी दिसतो. नर ओळखायची खूण गालावरचा काळा डाग. शिंगं किती मोठी हे ठरवायला कान हीच मोजपट्टी: कान साधारण पंधरा सेंटिमीटरचा, शिंगाचा पुढचा फाटा कानाच्या टोकाहून वर फुटत असेल तर नर चांगला वयाचा. परवाना मादीचा असेल तर हा खटाटोप नको, पण मग मादीमागे नुकतंच सुटं चरू लागलेलं पाडस आहे का हे बघण्यात तेवढाच वेळ जावा.

जनावर सापडलं की शिकारी त्याच्याकडे बघायचं थांबवून जमिनीकडे बघू लागतो. नवखे इथेच चुकतात. सपाट दिसणारा माळ सपाट नसतो. त्यात पावसाळी ओहोळांनी कापलेल्या घळी असतात, कोरडे नाले असतात, कमरेएवढे खळगे असतात, जे समोरून पाहताना गवताच्या एकसारख्या रंगात बुडून जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या पडतात तेव्हा ते वाचता येतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तोच माळ पुन्हा परातीसारखा सपाट होतो. म्हणून वाट सकाळीच ठरवून ठेवायची. कुठल्या नाल्यात उतरायचं, कुठल्या वळणावर बाहेर डोकावायचं, बाहेर आल्यावर खुणेला कोणता दगड, कोणतं झुडूप. नाल्यात उतरल्यावर सगळी टेकाडं सारखी दिसतात आणि खूण ठरवलेली नसेल तर माणूस भलत्याच कळपासमोर निघतो.

वारा तोंडावर घ्यायचा. माळावर तो बहुधा वाहताच असतो, त्यामुळे दिशा कळायला अडचण नाही, पण नाल्याच्या वळणांत तो फिरतो. शिकारी खिशातल्या लहान बाटलीतून बारीक पूड उडवून पाहतात.

शेवटचे दोनतीनशे मीटर हे या शिकारीचं मर्म. नाला संपतो, पुढे गुडघ्याएवढं सेजब्रश आणि उघडी जमीन. मग रांगणं, आणि रांगण्याइतकाही आडोसा उरला नाही की सरपटणं. बंदूक कोपरांच्या बेचक्यात आडवी, नळी बाजूला वळवलेली, चेंबर रिकामं. जमिनीलगत पसरलेला फड्या निवडुंग तिथे जागोजाग असतो, गवतात दिसत नाही. तळहाताला, गुडघ्याला बारीक काटे रुततात आणि संध्याकाळी दिव्यापाशी चिमट्याने काढावे लागतात. म्हणून जाणते लोक कातडी हातमोजे आणि गुडघ्यांना जाड गाद्या बांधून जातात. जनावराची मान खाली असताना पुढे सरकायचं, वर असताना दगड होऊन पडायचं. एका मादीला शंका आली, तिने कान टवकारले की पाच-दहा मिनिटं तशीच जातात. अंग अवघडतं, मुंग्या चढतात. त्या वेळी जो हलतो त्याची सकाळ वाया जाते.

आणि कळप बुजलाच तर मागे धावू नये. प्राँगहॉर्न पळतं, पण बहुतेकदा उंचावर जाऊन थांबतं आणि मागे वळून बघतं. स्वतःचा इलाखा राखणारा नर फार लांब जात नाही, मोठं वर्तुळ घेऊन बऱ्याचदा त्याच भागात परततो. नाल्यात बसून तासभर थांबलेल्या शिकाऱ्याला, गाडी घेऊन कळपामागे हिंडणाऱ्यापेक्षा संधी जास्त मिळते. गाडीने पाठलाग करणं किंवा गाडीतून गोळी झाडणं कायद्याने गुन्हा तर आहेच, पण कायदा नसता तरी ते लाजिरवाणंच ठरलं असतं. दमछाक करून, भेदरवून मारलेल्या जनावरात शिकारीचा अंश काय उरतो?

नेम धरताना दोन गोष्टी फसवतात. पहिली अंतर. झाड नाही, घर नाही, खांब नाही. डोळ्याला तुलना करायला काहीच नसल्याने दीडशे मीटर तीनशे वाटतात आणि तीनशे दीडशे. हल्ली लेसरने अंतर मोजणारं उपकरण बहुतेकांकडे असतं. दुसरा वारा. प्राँगहॉर्नसाठी हलक्या गोळीच्या, सरळ मार्गाच्या बंदुका पसंत करतात, .२४३ किंवा .२७० जातीच्या. पण ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात हलकी गोळी तीनशे मीटरवर जवळपास वीतभर सरकते. फुप्फुसं आणि हृदय यांचा मारक भाग त्याहून फारसा मोठा नाही. म्हणजे छातीच्या मध्यावर धरलेला नेम पोटात लागू शकतो आणि जखमी जनावर मैलोन् मैल जाऊन हालहाल होऊन मरतं. म्हणूनच सरपटत आणखी शंभर मीटर जवळ जाणारा शिकारी, लांबून बार टाकणाऱ्यापेक्षा मोठा मानला पाहिजे. पोटावर पडून, बंदुकीला दुपायी टेकण देऊन, दीडशे-दोनशे मीटरवरून, उभ्या आणि आडव्या जनावरावर एकच गोळी, हा आदर्श.

पळत्या जनावरावर गोळी नको, याचं गणित सोपं आहे. ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. अडीचशे मीटरवर पोहोचायला गोळीला सेकंदाचा सुमारे एकतृतीयांश भाग लागतो, तेवढ्यात जनावर सुमारे सात मीटर पुढे गेलेलं असतं. कळप पळत असेल तर एवढ्या फरकात मागचं भलतंच जनावर लोळतं.

धनुर्धाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला तीस-चाळीस मीटरच्या आत जायचं असतं आणि सरपटत तेवढं जवळ जाणं जवळपास अशक्य. म्हणून तो जनावरालाच आपल्याकडे येऊ देतो. ऑगस्टच्या अखेरीस माळ करपलेला असतो, पाणी गुरांसाठी बांधलेल्या टाक्यांत आणि मोजक्या डबक्यांतच उरतं. तिथे लपण उभारायचं. हे काम शिकारीच्या काही दिवस आधी करावं लागतं, कारण ओळखीच्या पाणवठ्यावर रातोरात उगवलेला तंबू बघून कळप तहान मारून परत फिरतो. आत काळे कपडे घालून, खिडकीपासून मागे सरून, उजाडल्यापासून मावळेपर्यंत बसून राहायचं. आत भट्टी पेटल्यागत उकडतं. आणि एखाद्या रात्री वळवाची सर आली की सगळा बेत कोसळतो. माळावर जागोजाग पाणी साचतं, टाकीकडे कोण फिरकतो?

सप्टेंबरच्या मध्यावर माज चढतो तेव्हा तिसरी सवय उपयोगी पडते. आपल्या माद्यांजवळ दुसरा नर आलेला बलिष्ठ नराला खपत नाही. लहान शिंगांच्या नराचं कापडी किंवा प्लास्टिकचं सोंग शिकारी पुढे धरतो आणि त्यामागून, आधीच दोरी खेचायच्या तयारीत, सरकतो. साधला तर नर पाचशे मीटरवरून थेट अंगावर धावत येतो आणि सगळं दहा-पंधरा सेकंदांत आटोपतं. एरवी तो फक्त टक लावून बघतो आणि माद्या हाकत टेकाडापलीकडे नेतो. माळावर दुसरे बंदूकधारी असताना सोंगामागे दडणं जिवावर बेतू शकतं, म्हणून ही युक्ती फक्त धनुष्याच्या हंगामातच करावी.

काहीजण गाईच्या आकाराचा सपाट फळा पुढे धरून चालतात. प्राँगहॉर्न जन्मापासून गुरांमध्ये चरतं, त्याला गाईचं भय नाही. ही युक्ती मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या माळांवर काळविटाला फासे लावणारे पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ जात. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई, तेव्हा चित्त्याला डोळ्यांवर झापड बांधून बैलगाडीतून नेत, कारण शेतावरून येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाडीला काळवीट बुजत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अभय मिळालं आणि त्या शिकारी इतिहासात जमा झाल्या. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात आजही पाहावं, पायी माणूस दिसला की लांबून उधळणारा कळप जवळच चरणाऱ्या गुरांकडे मानही वळवत नाही.

शिकार झाल्यावर घाई करावी लागते ती मांसाची. प्राँगहॉर्नचे केस आतून पोकळ असतात, हिवाळ्यात ते थंडी थोपवतात. सप्टेंबरच्या उन्हात तेच केस मेलेल्या जनावराची ऊब आत कोंडून ठेवतात. आतडी काढून, कातडं तिथल्या तिथे सोलून मांस सावलीत आणि लगेच बर्फात गेलं तर ते कोवळं, चवीला सौम्य लागतं. या मांसाला सेजब्रशचा उग्र वास येतो अशी तक्रार अनेकजण करतात, पण बहुतेक वेळा तो वास गाडीच्या टपावर तासन् तास तापत आणलेल्या जनावराचा असतो.

या शिकारीत सर्वांत अवघड काय, असं वायोमिंगमधल्या शिकाऱ्याला विचारलं तर तो बहुधा जमिनीचं नाव घेईल. परवाना सोडतीत लागतो, तो ठरावीक विभागापुरताच. त्या विभागातली जमीन कुणाची, हा पुढचा प्रश्न. १८६२ पासून रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंचे चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक देण्यात आले, त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा आजही सरकारी आणि खासगी चौकटींचा बनलेला आहे. सरकारी चौकटीतून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या सरकारी चौकटीत पाऊल टाकणं हे खासगी हद्दीचं उल्लंघन आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला आलेल्या चौघांवरच्या खटल्यात २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की खासगी जमिनीला पाय न लावता असा कोपरा ओलांडता येतो.

त्या निकालाचा आधार होता १८८५ चा, सरकारी जमिनीला बेकायदा कुंपण घालण्याविरुद्धचा कायदा, आणि याच कायद्याने त्याआधी खुद्द प्राँगहॉर्नना वाट मिळवून दिली होती. १९८३ मध्ये रॉलिन्स गावाजवळच्या रेड रिम भागात एका पशुपालकाने सुमारे ४५ किलोमीटर लांबीचं विणीव तारेचं कुंपण घातलं. हिवाळ्यात उघड्या, वाऱ्याने बर्फ झडलेल्या चराईकडे निघालेले कळप त्याला अडले. उडी ते सहसा मारत नाहीत, खालून सरकायला फट नाही. जनावरं तारेशीच उपाशी मेली. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने कुंपण मोकळं करण्याचा आदेश कायम ठेवला. पायुटांच्या झुडपी सापळ्याला हाच स्वभाव उपयोगी पडला होता. पण तो सापळा हाक्यापुरताच कामी येई, तारेचं कुंपण बारा महिने तेरा काळ उभं राहतं. आता अनेक ठिकाणी कुंपणाची सर्वांत खालची काटेरी तार काढून बिनकाट्याची बसवतात आणि ती जमिनीपासून चाळीसएक सेंटिमीटर वर घेतात, म्हणजे प्राँगहॉर्न खांदे दुमडून खालून निघून जातं. हे काम सुट्टीच्या दिवसांत अंगावर घेणाऱ्यांत शिकाऱ्यांच्या संघटना पुढे आहेत.

वायोमिंगच्याच पाइनडेल गावाजवळ ट्रॅपर्स पॉइंट नावाची अरुंद माळखिंड आहे. ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात उन्हाळा काढणारे कळप हिवाळ्यासाठी दक्षिणेला ग्रीन नदीच्या खोऱ्यात उतरतात, त्यांच्या वाटेवर ही खिंड लागते. इथल्या उत्खननात सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या शिकारीची हाडं सापडली. त्यांत गर्भातल्या पाडसांचीही होती, म्हणजे शिकार वसंतात, कळप उत्तरेला परतताना झाली होती. जनावर तीच वाट धरणार हे तेव्हाच्या शिकाऱ्यांना ठाऊक होतं. २००८ मध्ये या वाटेच्या मोठ्या टप्प्याला सरकारी संरक्षण मिळालं आणि २०१२ मध्ये खिंडीतल्या महामार्गावर खास वन्यजीवांसाठी पूल बांधला गेला. रस्त्याखालच्या भुयारापेक्षा उघडा पूल प्राँगहॉर्न पसंत करतं. पलीकडचं दिसल्याशिवाय ते पाऊल टाकत नाही.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात याच खोऱ्यात बर्फ असाधारण साचला. सेजब्रश बर्फाखाली गाडलं गेलं आणि त्यात मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जिवाणूमुळे होणाऱ्या न्युमोनियाची साथ आली. पाइनडेलच्या आसपासच्या कळपाची मोठी हानी झाली. पुढच्या शरद ऋतूसाठी राज्याच्या वन्यजीव खात्याने प्राँगहॉर्नचे हजारो परवाने कमी केले, आणि तिथल्या अनेक शिकाऱ्यांनी जाहीर बैठकांत ते आणखी कमी करा अशी मागणी केली.